हॉट कटर घेताय? वॉट राहू द्या, आधी नॉब बघा

ओळखीतल्या शिवणवाल्या, डेकोरेशनवाले, शिगम्याच्या पथकातली पोरं, सगळे एकच प्रश्न विचारतात म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. सॅटिन, नायलॉन, पॅराशूट कापड असलं काहीही कात्रीने कापलं की कडेचे धागे सुटायला लागतात, ते सुटू नयेत म्हणून तापलेल्या पात्याने कापायचं, म्हणजे कापता कापताच कड वितळून बंद होते. तर हे करायला दोनशे-तीनशे रुपयांपासून थेट परदेशी मशीनपर्यंत जे काय काय मिळतं त्यातलं घ्यायचं कुठलं. पुढचं वाचायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी उत्तर आधीच देते. तापमान कमीजास्त करायचा नॉब असलेलं साठ वॉटचं पेनासारखं सोल्डरिंग आयर्न घ्या, त्याला चपटं सुरीसारखं पातं लावा आणि खाली जाड काच ठेवा. पिस्तुलासारखी ट्रिगरवाली कापायची गन तेव्हाच घ्या जेव्हा तुम्हाला रोज मीटरच्या मीटर सरळ कापायचं असेल.

आता सविस्तर.

मी गोव्यात फोंड्याला शिवणकाम करते, पण ब्लाऊज-ड्रेस कमी आणि बाकीच्या भानगडी जास्त. जत्रेतल्या नाटकांचे पडदे न झालरी, भजनी मंडळाच्या पखवाजाला पावसाळी कव्हर, देवळाच्या पताका, दिवाळीआधी आकाशकंदिलाच्या शेपट्या, शॅकवाल्यांची शेड, आणि मे संपत आला की होड्यांची कव्हरं, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि सगळ्यांना कव्हर एकाच आठवड्यात हवं असतं. ह्यातलं बहुतेक सगळं पॉलिएस्टर नाहीतर नायलॉन, सुती कापड आता जवळजवळ पूजेच्या वस्त्रापुरतंच हातात येतं.

कडेवर दोरा गुंडाळून शिवणारं ओव्हरलॉक मशीन आहे की, मग हे कशाला, असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे, अंगात घालायच्या कपड्याला ओव्हरलॉकच करा, वितळलेली कड टणक होते आणि गळ्याला, काखेत अशी टोचते की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ड्रेस परत घेऊन येईल. पण पताकेचं निमुळतं टोक ओव्हरलॉकने करून बघा, टोकाशी दोऱ्याचा गठ्ठा होतो. कंदिलाच्या बोटभर रुंदीच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी ओव्हरलॉक केलं तर ती वाऱ्यावर हलतच नाही, जड होऊन नुसती लटकते. बॅगेच्या पट्ट्याचं टोक, दोरीचं टोक, पडद्यावर चिकटवायची सॅटिनची नक्षी, ह्या सगळ्याला गरम पातंच लागतं.

फुकटातला उपाय म्हणजे मेणबत्ती आणि उदबत्ती, त्याला नावं ठेवणार नाही. रिबिनीची फुलं करणाऱ्या बायका अजून उदबत्तीनेच पाकळ्या कापतात आणि हात बसलेला असेल तर काय सुंदर कापतात, उदबत्तीचं टोक बारीक असतं, ज्योत नसते, काजळी जवळजवळ नाही. मेणबत्तीला काजळी येते, पांढऱ्या सॅटिनवर लगेच दिसते, आणि पंखा बंद ठेवावा लागतो, जो मे महिन्यात फोंड्यात बंद ठेवून दाखवा. दहा-वीस फुलं करायची असतील तर उदबत्ती पुरे, मशीन घेऊ नका. लायटर फक्त दोरीच्या टोकाला, कापडाला नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे साधं सोल्डरिंग आयर्न. सोल्ड्रॉनचं २५ वॉटचं रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असतं तसलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं, स्वस्त, वर्षानुवर्षं चालतं. आमच्या मामंजींकडे एक होतं, ते नाटकाच्या पडद्यांचं काम करायचे तेव्हापासूनचं, अजून तापतं. पण कापडाला त्याचे दोन त्रास आहेत. एक म्हणजे तापायला चार-पाच मिनिटं घेतं, आणि जाड पट्ट्यावर टेकवलं की त्याची उष्णता पट्टा खाऊन टाकतो, मग ते कापायच्या ऐवजी ओढत राहतं. दुसरं ह्याच्या बरोब्बर उलट, बाजूला नुसतं पडून राहिलं की टोक साडेतीनशे अंशांच्या पलीकडे जातं कारण त्याला थांबवणारं काही नाही, आणि मग पातळ सॅटिनवर टेकवलं की कड तपकिरी. म्हणजे जाडाला कमी पडतं आणि पातळाला जास्त होतं, दोन्हीकडून बोंब.

ह्यावर एक देशी जुगाड आहे, लाईटचा गोल फिरणारा डिमर मध्ये बसवायचा. साध्या कॉईलच्या आयर्नला तो चालतो, इलेक्ट्रिशियनकडून नीट डब्यात बसवून घ्या, उघड्या वायरी नकोत. पण ट्रिगरच्या गनमध्ये आत ट्रान्सफॉर्मर असतो, तिला हा डिमर अजिबात लावू नका, गन पण जाईल आणि डिमर पण. आणि ज्या आयर्नने कधी शिसं-कथिल लावून सोल्डरिंग केलंय ते कापडाला वापरू नका, राखाडी डाग पडतात ते धुवून जात नाहीत.

आता माझं मुख्य हत्यार, साठ वॉटचं नॉबवालं पेन. हे मुळात सोल्डरिंगला आणि लाकडावर जाळून नक्षी काढायला विकतात, त्यामुळे 'कापड कापायचं मशीन' म्हणून शोधलंत तर सापडणारच नाही. मुठीवर छोटं चाक असतं, २०० पासून ४५० पर्यंत आकडे, मिनिट-दीड मिनिटात तयार. सोबत टिपांचा एक पुडा येतो, त्यात एक तिरप्या सुरीसारखी असते, तीच कामाची. नसेल तर वेगळी मिळते.

नॉब इतका महत्त्वाचा का ते सांगते, कारण इथेच सगळं आहे. प्रत्येक कापड वेगळ्या तापमानाला वितळतं. बॅगेला जो स्वस्तातला पट्टा येतो तो पॉलीप्रॉपिलीनचा, तो १६५ अंशांच्या आसपासच वितळतो. नायलॉन ६ साधारण २२० ला, पॉलिएस्टर २५५ च्या आसपास, नायलॉन ६६ त्याच्याही थोडं वर. निळी प्लास्टिकची ताडपत्री तर १३० लाच गळायला लागते. आता एकाच तापमानाचं हत्यार ह्या सगळ्यांना कसं पुरणार? अर्थात पातं वितळण्याच्या आकड्यापेक्षा बरंच गरम ठेवावं लागतं कारण हात चालता असतो आणि कापड उष्णता घेत जातं. मी पॉलिएस्टर सॅटिनला चाक तीनशेच्या थोडं पुढे ठेवते, रिपस्टॉपला, म्हणजे बारीक चौकडीच्या विणीच्या पॅराशूट कापडाला, साधारण तितकंच, पट्ट्याला जाडीप्रमाणे वाढवते पण मग हात भरभर. हे आकडे माझ्या पेनाचे, तुमच्या चाकावरचे तीनशे म्हणजे खरे तीनशे असतीलच असं नाही, ह्या किमतीत ती अपेक्षा पण करू नका. नवीन कापड आलं की एक चिंधी घ्यायची, चाक कमीत कमीवर ठेवून सुरुवात करायची आणि हळूहळू चढवत जायचं, जिथे पातं अडखळायचं थांबतं तिथे थांबायचं.

हात कसा चालवायचा हे मात्र मशीनसोबत येत नाही. रांगोळीची रेघ ओढताना हात मध्येच थांबला तर तिथे ढीग पडतो, तसंच इथे, थांबलात की वितळलेल्याचा गोळा. बरोबर वेगात गेलं की कड अशी दिसते की बघितल्यावर वितळवलीय हे कळत पण नाही, बोटाने चाचपलं तर केसाएवढी रेघ लागते आणि नखाने खरवडलं तरी धागा निघत नाही. हळू गेलं की कडेला मणी मणी होतात, कड आकसते आणि लाटा पडतात. फार भरभर गेलं तर कापलं जातं पण मधले मधले धागे सुटे राहतात, आणि तेव्हा दिसत नाहीत, दोन धुण्यांनंतर दिसतात. म्हणून कापून झालं की कड दोन बोटांत धरून आडवी ताणायची, जिथे सुटणार असेल तिथे लगेच उघडी पडते.

आमच्याकडे कामाला येणारी मुलगी पहिल्या दिवशी पातं उभं धरून दाबून कापत होती, मला म्हणते, "ताई, हे कापतच नाय, धार काढूया काय?" धार लागतच नाही ह्याला. पातं जवळजवळ आडवं, पेन धरतो तसं कलतं धरायचं आणि वजन टाकायचं नाही, उष्णता काम करते. दाबलं तर तापलेलं पातं वाकतं, टिप ढिली होते आणि खालच्या काचेवर खर्रर्र आवाज येतो तो वेगळाच. आता ती माझ्यापेक्षा छान कापते, शेपट्या सगळ्या तिच्याचकडे.

पेनाचे दोष पण आहेत. वायर आखूड आणि कडक असते, कापडावरून फिरताना मध्ये येते, मी ती वरून खिळ्याला लटकवते. सोबत जो वाकवलेल्या पत्र्याचा स्टॅंड देतात तो निव्वळ चेष्टा आहे, धक्का लागला की पडतो, लोखंडी स्प्रिंगचा वेगळा घ्याच. टिप धरून ठेवणारी नळी गरम-गार होऊन ढिली होते, ती अधूनमधून आवळावी लागते, गार असताना. आणि आतली सिरॅमिकची कांडी नाजूक, पेन जमिनीवर आपटलं की कांडी तडकते आणि विषय संपला. हजाराच्या आतली वस्तू आहे, दुरुस्तीला कोण हात लावत नाही.

आता गन. ही मी घेतली ती होड्यांच्या कव्हरांसाठी, लांब लांब सरळ कट असतात, पेनाने मनगट दुखतं. ऑनलाईन मागवली, शंभर वॉटची, अडीच-तीन हजारांच्या मधली. ट्रिगर दाबला की काही सेकंदांत पातं तापतं, सोडला की गार व्हायला लागतं, हे खरंच सोयीचं आहे, पेन सतत तापलेलं बाजूला पडून असतं आणि घरात लहान मूल असेल तर जीव टांगणीला लागतो, तसं हिचं नाही. जाड ऑक्सफर्ड कापड, चार पदरी वेबिंग म्हणजे विणलेला पट्टा, जाड दोरी, सगळं सरळ आणि जोरात कापते. स्टीलच्या पट्टीला लावून दोन मीटरची रेघ ओढली तर बघत राहावं असा कट येतो. कौतुक इथपर्यंत.

आता गाऱ्हाणं. विकणाऱ्याने लिहिलं होतं की सलग चालते. सलग काही चालत नाही. ट्रिगर धरून ठेवला की मूठ तापायला लागते, वास यायला लागतो, आणि आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं की थोडा वेळ चालवा न त्याच्या दुप्पट-तिप्पट थांबा. ह्या प्रकारच्या बहुतेक गनांचं असंच असतं, तो काही बिघाड नाही, पण मग तसं लिहा ना बाबांनो. सलग चालणाऱ्या पण मिळतात, ट्रिगर नसलेल्या, सतत तापलेल्या, त्या महाग. घेताना हे विचारूनच घ्या.

दुसरं, पातं दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि वीज त्याच पात्यातून जाते. गरम-गार होऊन स्क्रू ढिले होतात, तिथे काळा थर धरतो, मग पातं नीट तापत नाही आणि माणसाला वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं. प्लग काढून गार झाल्यावर स्क्रू काढा, टोकं पितळी ब्रशने साफ करा, परत घट्ट बसवा. पातं पण पितळी ब्रशनेच साफ करायचं, त्यावर जळकं प्लास्टिक साठलं की पुढच्या पांढऱ्या कापडावर उतरतं. सॅंडपेपर मारू नका, पातं झिजून बारीक होतं आणि मग तिथेच तुटतं.

तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं, वळण. गनने वळण नीट येत नाही. पातं रुंद असतं, मूठ जड, नक्षीचा कोयरीसारखा आकार कापायचा तर कोपऱ्यात कापड गोळा होतं. आमचं अर्धं काम वळणाचंच आहे, त्यामुळे गन मे-जूनमध्ये बाहेर येते आणि नंतर कपाटात. तिच्यावर पण मागे नॉब आहे, आणि हाच नॉब नसलेली गन त्याच दुकानात पाचशे रुपये स्वस्त होती, ती घेऊ नका, पातळ कापडाला ती निरुपयोगी आहे, पातं सरळ लाल होतं आणि कापड दूर पळतं.

परदेशी गना पण असतात, जर्मन एचएसजीएम, अमेरिकेतल्या शिडं शिवणाऱ्यांच्या दुकानातल्या. त्या शिडांच्या आणि तंबूच्या धंद्यासाठी बनवलेल्या आहेत आणि दर्जाबद्दल शंका नाही, पण इथे मागवायची तर किंमत पेनाच्या कित्येक पट होते, आणि अमेरिकन मॉडेल ११० व्होल्टचं असेल तर इथे २३० ला थेट लावता येत नाही, ट्रान्सफॉर्मर वेगळा. रोजचा तोच धंदा असेल तर विचार करा. आणि एकसारखे शेकडो तुकडे हवे असतील, म्हणजे शिगम्याच्या चित्ररथाला एकाच मापाची पानं-फुलं वगैरे, तर हत्यारच घेऊ नका, ॲक्रिलिकचे बोर्ड कापणारा लेझरवाला गाठा, तो पॉलिएस्टर पण कापतो आणि कड आपोआप बंद होते.

बेसबद्दल बोलते, कारण लोक हत्याराला हजारो घालतात आणि खाली प्लायवूड ठेवतात. प्लाय जळतो, धूर होतो, जळका डाग कापडाच्या उलट्या बाजूला उतरतो, आणि पात्याने लाकडात जी खाच पडते त्याच खाचेत पुढचा कट घसरतो. कडप्पा किंवा ग्रॅनाईट चालतो पण दगड उष्णता ओढतो, पातळ कापडाची खालची बाजू नीट सील होत नाही. पत्र्याचं तर त्याहून वाईट. सगळ्यात चांगली काच. काचवाल्याकडे टेबलाच्या मापाची जाड टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच मागा, कडा घासून घ्या, खाली जाड कापड पसरून त्यावर ठेवा. साध्या काचेवर एकाच जागी जास्त वेळ गरम पातं टेकलं तर तडा जाऊ शकतो म्हणून टफन्ड म्हणतेय. काचेखाली कागदावर नक्षी काढून ठेवायची, वर सॅटिन पसरायचं, फिकट रंगाचं असेल तर खालची रेघ दिसते आणि ट्रेसिंगचं काम वाचतं. हा काचेचा सगळ्यात मोठा फायदा, उष्णतेच्या पण आधी मी हाच सांगीन. पट्टी स्टीलची, तिच्या खाली मास्किंग टेप चिकटवली की सरकत नाही. प्लास्टिकच्या पट्टीचं काय होतं ते सांगायला नको.

कापड दोन पदरी ठेवून एकदम कापू नका, दोन्ही कडा एकमेकांना चिकटतात, मग सोडवताना सील फाटतं. मात्र कधी कधी हेच मुद्दाम करायचं असतं, दोन पदर जोडूनच हवे असतील तर ही युक्ती.

मखमलीचं एक वेगळं. नाटकाच्या मुख्य पडद्याला जी पॉलिएस्टर मखमल येते ती नेहमी उलट्या बाजूने कापायची. सरळ बाजूने कापलं तर कडेची लव वितळून चकचकीत पट्टा दिसतो, आणि स्टेजवर खालून लाईट पडला की तो पहिल्या रांगेतून दिसतो. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचे दिवस आले की घाईघाईने आणून दिलेले असे पडदे दुरुस्तीला येतात, तेव्हा काही करता येत नाही, ती पट्टी दुमडून आत घालायची एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कापड ओळखा. दुकानदार काहीही सांगतो. दोन धागे काढा, चिमट्यात धरून जाळा, बाहेर, भांड्यात पाणी ठेवून. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. केस जळल्याचा वास म्हणजे रेशीम नाहीतर लोकर. वितळून कडक मणी झाला तर आपल्या कामाचं. टेरिकॉटसारखं मिश्र कापड असेल तर त्यातलं पॉलिएस्टर वितळतं आणि सुती भाग कोळसा होतो, कड काळी आणि ठिसूळ, ते ओव्हरलॉकलाच द्या.

आणि पीव्हीसी. रेक्झीन, ट्रकची जाड चकचकीत ताडपत्री, व्हिनाईलचे बॅनर, ह्यांना गरम पातं लावायचं नाही म्हणजे नाही. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईडचा वायू निघतो, डोळे-नाक-घसा चुरचुरतो आणि छातीला पण वाईट. मजा अशी की त्याला गरजच नाही, थर दिलेला असल्यामुळे धागे सुटत नाहीत, सरळ कात्रीने कापा. एक शॅकवाला हट्टाला पेटला होता, "वहिनी, तुमी कडा जाळून द्या, पैशे जास्त घ्या," त्याला म्हटलं बाबा पैसे कमी घेते, कात्रीने देते. निळ्या ताडपत्रीला पण तसंच, ती वायू नाही सोडत तशी पण गळते, आकसते, वाकडी होते, कात्री बेस्ट.

धूर कुठल्याच सिंथेटिकचा चांगला नाही हे लक्षात असू द्या. आतून प्लास्टिकसारखा थर दिलेलं छत्रीचं, रेनकोटचं कापड असेल तर त्याचा तर नाहीच. खिडकी उघडी, पंखा आपल्या पाठीमागून खिडकीकडे वारा फेकेल असा, पात्यावर नाही, पात्यावर वारा आला की ते गार होतं आणि तुम्ही नॉब वाढवत बसता. वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर ओढून काढू नका, कातडी सोबत येते, नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा. मीठ, टूथपेस्ट, हळद काही नको.

तिरंग्याबद्दल विचारतात ऑगस्टमध्ये. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ध्वजसंहितेत पॉलिएस्टरचा आणि मशीनवर बनवलेला झेंडा चालतो, म्हणून आता पॉलिएस्टरचेच झेंडे ढिगाने येतात, आणि बरेचसे नुसते गरम पात्याने कापलेले, दुमड नाही काही नाही. घरात किंवा हातात धरायला ठीक आहे. पण उंच खांबावर फडकवायचा तर नुसतं सील टिकत नाही, मोकळ्या बाजूची कड वाऱ्यात सारखी फटकारते, टणक झालेली कड तडकते आणि चीर तिथूनच आत जाते. आधी सील करा, मग दुमडून दुहेरी शिवण घाला. पताका, भगवे झेंडे, मंडळाचे बॅनर, जे जे बाहेर वाऱ्यात राहणार त्या सगळ्याला हेच.

विकत कुठून घ्यावं. पेन शक्य असेल तर पणजी किंवा मडगावला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन घ्या, दुपारी एक ते चार जाऊ नका, शटर बघून परत याल. दुकानात लावून बघता येतं, चाक फिरवल्यावर खरंच फरक पडतो का ते समजतं, कारण काही स्वस्त पेनांचं चाक नुसतं शोभेला असतं, कमी करा की वाढवा तितकंच तापतं. सोबत सॅटिनची चिंधी घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू द्या. ऑनलाईन घेतलं तर आल्याबरोबर त्याच दिवशी तपासा, परत करायची मुदत थोडी असते. प्लग तीन पिनांचा बघा, मूठ जिथे धातूच्या नळीला मिळते तिथे हलत नाही ना ते बघा. आमच्याकडे पावसात दमट हवेने वायरिंगला ओल धरते, घरात ईएलसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) बसवलेला असेल आणि कटर लावल्यावर तो पडत असेल तर ईएलसीबीला शिव्या घालू नका, कटर इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि वीज गेली की प्लग काढायचा, कारण ती परत कधी येईल ते सांगता येत नाही आणि तेव्हा आपण स्वयंपाकघरात असतो.

किमतीच्या मानाने पेनाला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या स्टॅंडचा कापला. गनला तीन, सरळ कापणाऱ्यांनी तो चार समजावा. साध्या २५ वॉटच्या आयर्नला अडीच, डिमर लावला तर साडेतीन.

सुरीच्या टिपा एकदम चार-पाच घेऊन ठेवा, त्या झिजतात आणि त्याच मॉडेलच्या नंतर मिळतील ह्याचा भरवसा नाही, टिपेच्या मागच्या नळीचा व्यास मोजून लिहून ठेवा म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण बसेल. पुड्यात जी गोल टोकाची टिप येते ती टाकून देऊ नका, बॅगेच्या पट्ट्याला आयलेटसाठी, म्हणजे धातूच्या गोल कडीसाठी, भोक पाडायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, भोक पाडता पाडताच आतली कड बंद होते.